पाळीची पाटी

बाबांना तळ्यातून वर काढलं तेव्हा त्यांच्या एका पायात बूट नव्हता, हे मला तीन जणांनी वेगवेगळं सांगितलं. तिघांनीही तेवढंच सांगितलं आणि पुढं चहा ओतायला घेतला. हँडलचं कुणीच बोललं नाही.

वरच्या तळ्याचं दार उघडायला लोखंडी हँडल लागतं. हातभर लांब, टोकाशी वाकडं. ज्या घराची पाळी असेल त्या घरी ते असतं आणि त्या घराच्या दर्शनी दारात लाकडी पाटी टांगलेली असते. पाटी आणि हँडल एकत्र फिरतात. पाऊस वाढायची चिन्हं दिसली की पाटीवाल्या घरचा माणूस बांधावर जातो, दार थोडं उघडतो, तळं उतरवतो. बांधाला जोर बसत नाही. दार उघडायचं तर बांधाच्या आतल्या उतारावरून खाली जावं लागतं. उतार सिमेंटचा, शेवाळलेला. धरायला काही नाही.

सप्टेंबरच्या वादळात बाबा गेले. मी कोबेहून पोचले तोवर त्यांना पुसून, पांढऱ्या कपड्यात उत्तरेकडं डोकं करून ठेवलं होतं. गावप्रमुख सोगोसान ओसरीवर पोलिसाशी बोलत होते.

"स्वतःचं खाचर बघायला गेला. म्हातारी माणसं ऐकत नाहीत हो. टीव्हीवर ओरडून सांगतात, तरी जातात."

पोलीस मान हलवत होता. त्याचे ओले मोजे आमच्या पायरीवर उमटले होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या. शेत बघायला गेलेल्या वृद्धाचा मृत्यू. हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले होते. दर वादळाला कुठल्या तरी गावचा कुणी तरी म्हातारा शेत बघायला जातो आणि मरतो. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालता घालता रेडिओवर ते ऐकू यायचं आणि मी मनात म्हणायची, का जातात ही माणसं?

पण आमची खाचरं गावाच्या खाली आहेत, बसच्या रस्त्याला लागून. ती बघायला तळ्यावर चढायची गरज नाही. घराच्या मागच्या खिडकीतून दिसतात. सोगोसानना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

घरात नातेवाईक होते, उदबत्त्यांचा धूर होता. शेजारणी आमच्याच स्वयंपाकघरात आमचीच भांडी शोधत होत्या आणि मला हात लावू देत नव्हत्या. मी फक्त आमच्या दाराकडं बघितलं. चौकटीवरचा खिळा रिकामा होता. पाटी शेजारी, आयादांच्या दारात टांगलेली होती.

*

भात आडवं झालं होतं. मी रजा वाढवून घेतली.

उभं होतं तेवढं सोगोसानच्या यंत्रानं कापलं. जमिनीला चिकटलेलं यंत्र उचलत नाही, ते विळ्यानं कापावं लागतं. गुडघाभर चिखल, वर सप्टेंबरअखेरचं ऊन. एक मूठ धरायची, उचलायची, चिखल झटकायचा, कापायची. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी ते फुटले. कंबर अशी धरली की उभं राहायचं म्हटलं तर मांडीवर हात टेकून टप्प्याटप्प्यानं उठावं लागे. काही लोंब्यांना चिखलातच कोंब फुटले होते.

हिरोमु मदतीला आला. गावच्या अग्निशमन पथकात आहे, एरवी शाळेची बस चालवतो. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण केस माझ्याआधी गेले. तो भरभर कापत होता आणि मध्येमध्ये बोलत होता, कारण गप्प राहणं त्याला जमत नाही.

"मीच उतरलो होतो खाली," तो म्हणाला. "दोर बांधून. सोगोसान वर धरून उभे. पाणी गढूळ, काही दिसेना. बूट शोधला गं मी, पण नाही मिळाला."

"कळलं मला."

"आणि ते हँडल निघेना. अर्धवट फिरवलेलं, तसंच अडकून बसलेलं. सोगोसाननी हातोडीनं ठोकून—"

तो थांबला. विळाही थांबला.

"कसलं हँडल?" मी विचारलं.

"कसलं म्हणजे... तळ्याचं." त्यानं यंत्राकडं बघितलं. ते बंद होतं. "पट्टा सैल झालाय वाटतं. बघून येतो."

तो पट्टा बघत बसला. मी एक मूठ कापली, मग दुसरी. हँडल दारावर होतं. म्हणजे बाबा शेत बघायला गेले नव्हते, तळं उतरवायला गेले होते. पाटी आमच्याकडं नव्हती, म्हणजे हँडलही आमच्याकडं नव्हतं. कुणी तरी ते बाबांच्या हातात दिलं. वादळात, पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाच्या हातात दिलं, आणि नंतर पोलिसासमोर शेताची गोष्ट सांगितली.

दुपारी त्सुयाकाकू आल्या. आयादांच्या. भाताचे गोळे, उकडलेली रताळी, थर्मासात चहा. त्या रोज यायच्या आणि रोज मला आधी बरं वाटायचं. त्या दिवशी मी त्यांचा चेहरा बघत होते.

"तुझे बाबा गुडघे टेकून कापायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, वाकून कापणं तरुणांचं काम. तू पण टेक गुडघे. कोण बघतंय इथं?"

"काकू, त्या दिवशी बाबा तुमच्याकडं आले होते?"

"रोजच यायचे. कुमेजींची दाढी कोण करणार मग? माझा हात कापतो. एकदा मी केली तर कान कापला त्यांचा."

कुमेजीकाकांना तीन वर्षांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली.

"वादळाच्या दिवशी?"

"रताळं खा. आतून पिवळं आहे बघ."

"पाटी तुमच्या दारात होती ना?"

त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही, तर पुन्हा काढून पुन्हा लावलं. "चहा गार होतोय," म्हणाल्या, आणि ओतलेला कप माझ्याकडं न देता बांधावर ठेवला.

पुढच्या आठवड्यात पाटी हलली. आयादांनंतर आमचं घर. सोगोसान हँडल गोणपाटात गुंडाळून रस्त्यानं आले. आमच्या दारासमोर त्यांनी मान लववली पण पाय थांबवला नाही. पाटी हिरोमुच्या दारात गेली. सुतकातलं घर पाण्याला हात लावत नाही, हे मलाही ठाऊक आहे. तरी त्यांच्या पाठीकडं बघताना वाटलं, केवढं सोयीचं सुतक आहे हे.

*

नगरसेवक वर्षातून एकदा गावोगावी लोकांचं ऐकायला येतात. ते यायच्या आधी गावात एक बैठक होते. कुणी काय विचारायचं ते ठरवायला. न ठरवता विचारलं तर पाहुण्यांना उत्तर सुचत नाही, आणि तो गावाचा आगाऊपणा ठरतो.

रानडुकरांचं कुंपण हिरागि आजोबांना दिलं. दरवर्षी त्यांनाच देतात. बसची फेरी हिरोमुच्या आईला. देवळाच्या वळणावरचा दिवा आणखी कुणाला. मी कोपऱ्यात काळ्या स्वेटरमध्ये बसले होते.

"तळ्याच्या उताराला कठडा हवा," मी म्हणाले. "ते मी विचारीन."

सोगोसाननी चष्मा काढला. पुसला. "तळ्याचा विषय नको."

"का?"

"का म्हणजे? पालिकेला तळी बुजवायचीत, चिगुसा. खालच्या खोऱ्यातली दोन बुजवली. आधी धोकादायक असा शिक्का मारला, मग मातीचे ट्रक आले. आपल्या तळ्यात अपघात झाला म्हटलं की झालं. त्यांना निमित्तच हवंय. मग भात कशावर लावायचा? डोळ्यांतल्या पाण्यावर?"

कुणी तरी हसलं आणि माझ्याकडं बघून खोकलं.

"म्हणून बाबांना शेत बघायला पाठवलंत," मी म्हणाले.

खोलीत केरोसीनच्या शेगडीचा फरफर आवाज येत होता. सोगोसाननी चष्मा घातला.

"आधीच तुझ्या घरात सुतक," ते हळू बोलले. "रविवारी तू आली नाहीस तरी कुणी काही म्हणणार नाही."

हे माझ्या काळजीनं म्हटलं असेल. मला ऐकू आलं ते एवढंच, की येऊ नकोस.

"हरकत नाही ना कुणाची?" त्यांनी विचारलं. हरकत नसली की आमच्याकडं कुणी बोलत नाही. कुणी बोललं नाही. दाराजवळ त्सुयाकाकू बसल्या होत्या. उठताना त्यांनी दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

घरी येऊन मी बाबांच्या फोटोपुढं भात ठेवला. त्या फोटोत ते हसत नाहीत. फोटो काढणाऱ्यावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. मला वाटलं, तो गुण मी घेतलाय.

*

रविवारी सकाळी सभाघरात साताठ रांगांत गाद्या घातल्या होत्या. दारात चपलांची ओळ. नगरसेवक चौघं, चौघांच्या अंगात एकाच रंगाची जाकिटं, छातीवर पालिकेचं चिन्ह. मधोमध ओचि, आमच्याच खोऱ्यातले, चौथ्यांदा निवडून आलेले. प्रत्येकाला नावानं हाक मारतात, प्रत्येकाच्या गुडघ्याची चौकशी करतात. कडेला फुके नावाच्या तरुण बाई, नव्या. त्या लिहून घेत होत्या.

हिरागि आजोबा उठले. "कुंपण. मागच्या वर्षी पण मीच विचारलं होतं. त्याच्या मागच्या वर्षी पण. आता डुकरं मला ओळखतात. रताळी काढायला ती तुमच्यापेक्षा नेमानं येतात."

सगळे हसले. ओचिही हसले. "कुंपणाचा आम्ही सकारात्मक विचार करतोय."

"विचार कुठवर आला? डोंगर उतरला का?"

"आजोबा, यंदा नक्की."

बस झाली. दिवा झाला. सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं. लोक ठरलेल्या जागी हसत होते, ओचि ठरलेल्या जागी मान हलवत होते. मला एकदम वाटलं, बाबांचं मरण पण असंच कुठल्या तरी बैठकीत आधी ठरवून कुणाला तरी वाटून दिलंय.

"आणखी कुणाचं काही?" ओचिंनी विचारलं.

"नाही," सोगोसान म्हणाले.

मी हात वर केला. विळ्याचे फोड वाळून तळहाताची साल निघाली होती. हात वर केल्यावर ते सगळ्यांना दिसलं असणार.

"मी मानाबे इसामुंची मुलगी. माझा एकच प्रश्न आहे. वादळाच्या दिवशी माझ्या बाबांच्या हातात तळ्याचं हँडल कुणी दिलं?"

शेगडीवरच्या किटलीचं झाकण खडखडत होतं. कुणी ते सारलं नाही.

"मानाबेसानच्या जाण्याचं आम्हा सर्वांना फार..." ओचि सुरू झाले. "पण हा तर गावाचा आपसातला—"

"चिगुसा, खाली बस," सोगोसान म्हणाले.

"हँडल दाराला अडकलेलं होतं. ते तुम्ही हातोडीनं काढलंत. आमच्याकडं पाटी नव्हती. मग ते आलं कुठून?"

हिरोमु शेगडीकडं बघत होता. त्याचं टक्कल लाल झालं होतं.

फुकेबाईंनी पेन थांबवलं. "एक मिनिट. म्हणजे ते पाळीवर गेले होते? आमच्याकडं तर स्वतःचं शेत बघायला, असं आलंय."

"मी दिलं," दाराजवळून आवाज आला.

त्सुयाकाकू उभ्या राहिल्या होत्या. एक हात भिंतीला.

"मी दिलं हँडल. कुमेजी पडले तेव्हापासून आमची पाळी इसामुसानच करायचे. मागच्या दारानं यायचे. मी गोणपाटात गुंडाळून ठेवायची, ते घेऊन जायचे. पाटी पुढच्या दारात तशीच. ते म्हणाले, पाळी सोडली तर पाण्याचा हक्क जातो. तुमचं एकच खाचर राहिलंय, ते कशाला घालवता? मी आहे ना." त्या थांबल्या. "मी आहे ना, असंच म्हणायचे."

"आणि गावात कुणाला हे माहीत नव्हतं?" फुकेबाईंनी विचारलं.

हिरागि आजोबा जमिनीकडं बघत म्हणाले, "माहीत नसायला काय झालं. गाव केवढं. त्याची सायकल आयादांच्या मागं दिसायची की."

"मी फोन केला होता," सोगोसान म्हणाले.

ते बसल्या जागेवरूनच बोलले. माझ्याशी नाही, समोरच्या गादीशी.

"दुपारी पालिकेचा इशारा आला. बांधावर कुणी जाऊ नका, दार राहू द्या, गावच रिकामं करा. मी लगेच फोन केला. पाटीच्या घरी."

"आयादांकडं?" मी म्हणाले.

"पाटी तिथं होती."

"तुम्हाला माहीत होतं बाबा जातात ते."

"माहीत होतं."

"मग आमच्या घरी का नाही केला?"

सोगोसानच्या मानेवरची कातडी वाळलेल्या पर्सिमनच्या फळासारखी सुरकुतली होती. इतके दिवस मी ती पाठीमागून बघून त्यांचा तिरस्कार केला होता.

"तुमच्याकडं फोन करायचा म्हणजे," ते म्हणाले, "आयादांच्यानं पाळी होत नाही हे मला ठाऊक आहे, असं तोंडानं म्हणायचं. मग प्रमुख म्हणून मला त्यांचं पाणी काढावं लागलं असतं. मला वाटलं, त्सुयासान सांगतील त्याला."

"आणि मला वाटलं सोगोसान करतील," त्सुयाकाकू म्हणाल्या. "सगळ्यांना माहीत आहे म्हटल्यावर इसामुसाननाही फोन करतीलच की. ते फोनवर म्हणाले, आज जाऊ नका हं. मी काय म्हणणार? मी म्हटलं, बरं, आमचे हे जाणार नाहीत."

खाली बसतानाही त्यांनी भिंत सोडली नाही.

"आमचे हे जाणार नाहीत, म्हटलं मी. अर्धं अंग लुळं पडून ते शेजारच्या खोलीत झोपलेले. आणि इसामुसान जेवणवेळेलाच हँडल त्यांच्या घरी घेऊन गेले होते."

मी चोर शोधायला आले होते. इतके दिवस प्रत्येक रताळं, प्रत्येक भाताचा गोळा उलटा करून बघितला होता. आता सगळे माझ्याकडं बघत होते, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर मला हवं होतं ते सापडत नव्हतं.

ओचिंनी घसा साफ केला. त्यांचा आवाज मऊ झाला. एवढ्या मऊ आवाजाचा मला लगेच संशय आला.

"मानाबेसान, बघा. आमच्याकडं आहे ते तसंच राहू शकतं. स्वतःचं शेत. गावाला त्रास नाही. पाळीवर असताना असं म्हटलंत, तर तळ्याची पाहणी लागते. पुढं काय होईल ते माझ्या हातात राहत नाही. तुम्ही सांगाल तसं."

म्हणजे आता बाबांचं मरण मला वाटून दिलं होतं. मी सोगोसानकडं बघितलं. मला वाटलं ते नजरेनं काही तरी सांगतील, अडवतील. ते स्वतःच्या गुडघ्यांकडं बघत होते. त्यांचीही खाचरं त्याच पाण्यावर होती. हिरोमुची होती. त्सुयाकाकूंचं ते एक होतं.

मी गप्प राहिले असते तर तीही हरकत नसल्याचीच खूण झाली असती.

"ते पाळीवर गेले होते," मी म्हणाले. "दुसऱ्याच्या पाळीवर. तसं लिहा. आणि कठडा बांधून द्या."

फुकेबाईंनी लिहिलं. पेनचा आवाज ऐकू येत होता.

"कठड्याचा आम्ही सकारात्मक—"

"ओचि," हिरागि आजोबा म्हणाले. "आज ते नको."

या वेळी कुणी हसलं नाही.

चपला घालताना माझ्या आजूबाजूला जागा रिकामी राहिली. सोगोसान मागं थांबून खिडक्या लावत होते. मी बाहेर आल्यावर त्यांनी हाक मारली.

"तळं गेलं तर?"

"मग मला शिव्या द्या."

"देऊ की." त्यांनी कुलूप लावलं, ओढून बघितलं. "तोंडावर देऊ."

*

एकोणपन्नासावा दिवस झाला, सुतक फिटलं. बाबांच्या अस्थी आईशेजारी ठेवल्या.

नारिंगी जाकिटातली माणसं तळ्यावर आली. त्यांनी बांधात सळया ठोकल्या, फोटो काढले. निर्णय वसंतात, तोवर पाणी खालीच ठेवा, पाऊस आला की दार उघडा, असं सांगून गेली. कोण उघडणार हे त्यांनी विचारलं नाही. उताराच्या तोंडाशी त्यांनी पिवळी दोरी बांधली. पहिल्या वाऱ्यात ती तुटली.

गावात लोक मान लववत होते, पण पहिल्यापेक्षा कमी. सकाळी दारात कुणी तरी मुळे ठेवून जायचं ते बंद झालं. मग एका सकाळी पुन्हा होते, मातीसकट. मी ते उचलून सगळीकडून बघितले. कुणी ठेवले, आणि का आजच ठेवले, हे मुळ्यांवर लिहिलेलं नव्हतं. मी धुऊन सार केलं.

पाटी गावभर फिरून आयादांकडं आली. त्याच दिवशी दुपारपासून दक्षिणेकडून ढग चढायला लागले. मी कोबेला जायची बॅग भरत होते. सोमवारी शाळेत हजर व्हायचं होतं. रस्त्यावरून हाक आली.

"मानाबेंच्या घरात कोण आहे?"

कोण आहे ते त्यांना माहीत होतं. मी दार उघडलं. त्सुयाकाकू रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. मागच्या बोळातून नाही, पुढून आल्या होत्या. एका काखेत पाटी. दुसऱ्या हातात हँडल, गोणपाटाशिवाय, उघडं. त्याच्या वजनानं त्या एका बाजूला कलल्या होत्या.

"आमच्या घरून पाळी होत नाही," त्या ओरडल्या. माझ्यापासून त्या चार पावलांवर होत्या. "कुमेजींच्यानं चालवत नाही. माझ्यानं हँडल फिरत नाही. तुम्ही कराल का?"

समोरच्या घरी हिरोमुची आई पर्सिमन सोलून दोरीला बांधत होती. तिचे हात थांबले.

"काकू, आत या," मी म्हणाले.

"आत नाही येत. कराल का ते सांग."

यामागं काय आहे? कुणी पाठवलं यांना? सभेत मी बोलले त्याची ही फेड आहे का, की माझ्याकडून आणखी काही वदवून घ्यायचंय?

"सोगोसानना सांगितलंत?"

"आत्ताच. त्यांच्या अंगणात उभी राहून."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ओरडू नका, ऐकू येतंय."

"आणि पाण्याचं?"

"सभेत ठेवू म्हणाले. जाईल नाही तर राहील." त्यांचा श्वास भरला होता, पण आवाज खाली आला नाही. "जाऊ दे गेलं तर. मला आता मागचं दार उघडवत नाही गं."

"मी सोमवारी जाणार आहे."

"आजचं कर. सोमवारचं सोमवारी ओरडू."

मी हँडल घेतलं. वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं, आणि गार. वाकड्या टोकाशी हातोडीचे ताजे चरे होते, लोखंडाचा आतला रंग दाखवणारे. चौकटीवरच्या खिळ्याला मी पाटी टांगली. ती तिरकी बसली. त्सुयाकाकूंनी पुढं होऊन ती सरळ केली, आणि पुन्हा रस्त्यानंच परत गेल्या.

मी बाबांचा रेनकोट घातला, बूट माझेच. अंगणात पहिले थेंब पडत होते. दाराशी बसून बूट ओढत असताना आत फोन वाजला. एका पायात बूट तसाच ठेवून मी गेले.

"मानाबे का?" सोगोसान होते. "पाटी तुमच्याकडं आलीय असं कळलं."

"हो."

"बांधावर एकटीनं जायचं नाही. हिरोमु दोर घेऊन निघालाय. तो येईपर्यंत घर सोडायचं नाही. उतारावर उतरताना दोर कमरेला, वर धरायला मी असेन. ऐकलंस?"

त्यांच्या आवाजात काही लपलंय का, ते मी ऐकत राहिले. पलीकडं पाऊस वाजत होता. आमच्याइतकाच.

"ऐकलं."

"मग परत म्हण."

"काय?"

"मी सांगितलं ते. परत म्हण, मोठ्यानं. त्याशिवाय मी फोन ठेवत नाही."

दारातून पाटीची कड दिसत होती. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"बांधावर एकटीनं जायचं नाही," मी म्हणाले.